चारच्या आधीची रेघ

मित्रांनो, आधी तक्रार सांगते, मग ओळख. आमचे भूगोलाचे सीब्रांड सर आहेत ना, त्यांना माझ्याशी कसं वागावं ते अजून कळलेलं नाही. गठ्ठाच्या गठ्ठा माझ्या तोंडात कोंबतात, मूठ धरून धाडकन खाली ओढतात, आणि कड वाकडी गेली की म्हणतात, "म्हातारी कामातून गेली." वर कॉफीचा कप माझ्याच पाटावर ठेवतात. चला, तेही सोसलं. पण खरा राग आहे तो त्यांच्या दुसऱ्या सवयीचा. एकच धडा ते तीन प्रकारचा करायचे, आणि तिसरा प्रकार करताना इतकं काही गाळायचे की मागे फक्त कागद उरायचा; गाळायची खोड अजून गेलेली नाही. असा कागद माझ्याकडूनच कापून जातो. मी थकले आहे ती त्याने. वयाने थकले असते तर गप्प बसले असते.

मी एक जुनी कागद कापायची विळी आहे. विळीसारखी पाटावर बसते आणि अडकित्त्यासारखी चावते, असं समजा. रुंद लाकडी पाट, त्यावर आखलेल्या रेघा, कडेला लांब पातं आणि पात्याला काळी मूठ. इतकी वर्षं शाळेत राहिले, पण मला एक अक्षर कुणी शिकवलं नाही. कागद आला, कापला, गेला. सरळ काय आणि वाकडं काय एवढं मला कळतं, आणि तेवढ्यावर मी मानाने जगले.

माझं पातं तापवून पाण्यात बुडवलं तेव्हाचा चर्र आवाज मला अजून आठवतो. मग घासलं, धार लावली, पाटावर बसवलं आणि हॉलंडातल्या ह्या शाळेत पाठवलं. एक मोठं तळं उपसून काढलेल्या जमिनीवर ही शाळा उभी आहे. खिडकीतून कालवा दिसतो तो आपल्या डोक्यापेक्षा वर. बोटी जातात त्या छपराच्या उंचीवरून. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मला पहिल्यांदा हात लावला तो आफ्ये बाईंनी. बाई भूगोल शिकवायच्या. उंच, किडकिडीत, बोलायला तिखट. आमचं जमलं. रोज काम संपलं की पातं फडक्याने पुसायच्या आणि बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडायच्या. कुणी म्हणालं, "बाई, एवढी निगा कशाला?" तर म्हणायच्या, "तिच्यावर माझा वर्ग चालतो. तुझ्यावर काय चालतं?"

बाईंची कामाची एक पद्धत होती. नकाशा सगळ्या वर्गाला एकच. कुणाला अवघड जाईल म्हणून वेगळा नाही, कुणी हुशार म्हणून वेगळा नाही. मग त्या माझ्याकडून पट्ट्या कापून घ्यायच्या. एका पट्टीवर अवघड शब्दांचे अर्थ. एकीवर उत्तराचं पहिलं वाक्य, म्हणजे पुढचं आपलं आपण लिहायचं. एकीवर डोकं फिरवणारा जादा प्रश्न. सगळ्या पट्ट्या खिडकीपाशी मांडलेल्या असत. ज्याला जी हवी त्याने उठून घ्यावी, नकाशाशेजारी ठेवावी, काम झालं की परत ठेवावी. सगळीच मुलं उठायची, त्यामुळे कोण कशाला उठलं हे कुणी बघत नसे. पाऊस, वारा, नद्या, शहरं, दर वर्षी धडे बदलले, मुलं बदलली, पण पट्ट्यांनी सगळ्यांना सामावून घेतलं. बाहेरून पाहुणे आले की बाई मला दाखवायच्या. मी काही बोलत नसे, पण पातं जरा जास्त चमकवत असे.

बाई निवृत्त झाल्या. मग छापायची यंत्रं आली, ती कागद हवा त्या मापाचा काढून देतात. मला कपाटावर चढवलं, मूठ दोरीने बांधली, म्हणे मुलांची बोटं जातील. शेजारी डिसेंबरच्या सणातल्या सोंगाची कागदी दाढी आणि फाटका टोप. धूळ साचली, बिजागरी गंजली. दाढीशी बोलून बोलून किती बोलणार?

मग सीब्रांड सर आले. त्यांना कागद अर्धे करायचे असतात, म्हणून मला खाली उतरवून त्यांच्या वर्गात ठेवलं. मी खूश झाले. मुलगा कष्टाळू आहे, हे मी लपवत नाही. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पाव-चीज आणि दुसऱ्या हातात माझी मूठ. पण वागणं बघा.

आमच्याकडे माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष म्हणजे पूल. सगळ्या तऱ्हेची मुलं एका वर्गात बसतात आणि वर्ष संपताना ठरतं, कोण वरच्या, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या वर्गात जाणार आणि कोण खालच्या, हातकामाच्या. त्यावर पुढचं सगळं शिक्षण अवलंबून. सरांनी ह्या वर्गासाठी प्रत्येक धड्याचे तीन कागद काढायला सुरुवात केली. अवघड, मधला, सोपा. मुलांना कळू नये म्हणून वर आकडे घातले नाहीत, चित्रं काढली. अवघड कागदावर बगळा, मधल्यावर गाय, सोप्यावर मेंढी. किती हुशारी! आठवडा उलटायच्या आत मेंढीचे कागद वाटताना मागच्या बाकांवरून "बँऽऽ" ऐकू यायला लागलं.

मारितला मेंढी मिळाली. ही मुलगी देशाच्या दक्षिण टोकावरच्या टेकड्यांतून नुकतीच इकडे आली होती. बोलण्याचा हेल वेगळा, म्हणून वर्गात कमी बोलायची. सरांनी गप्प मुलगी म्हणजे कच्ची मुलगी असा हिशेब केला. बगळेवाला क्रेलिस तिच्या शेजारी बसायचा. आजा-पणजा इथलेच, घसा बैलासारखा.

"ए मेंढे, गवत देऊ का?" तो विचारायचा.

"दे. तुझ्या डोक्यातलं काढलंस तर गाडीभर होईल," मारित म्हणायची. हळूच, पण म्हणायची.

मला ती आवडली. तिला वरच्या वर्गात जायचं होतं. नकाशे, पाणी, जमीन हे सगळं तिथेच पुढे नीट शिकवतात, आणि तिला तेच शिकायचं होतं. आईला तिने तसं सांगूनही ठेवलं होतं.

मग तो धडा आला. आपल्या गावातलं पावसाचं पाणी समुद्रात कसं जातं? नकाशावर उंचीचे आकडे, मुलांनी बाण काढायचे आणि पंप लागेल तिथे पंप दाखवायचा. वरच्या की खालच्या वर्गाची शिफारस सर करणार होते, त्यात ह्या कामाचे गुण धरणार होते. सर माझ्यापाशी उभे राहून मेंढीचा कागद तयार करत होते आणि स्वतःशीच बोलत होते. "समुद्र शून्य, गाव उणे चार मीटर. उणे बघितलं की ही मुलं घाबरतात. काढूनच टाकू. गावात तरी कोण उणे म्हणतं?"

ते खरं आहे. आमच्याकडे कुणी विचारलं, तुमचं घर कुठे, तर लोक म्हणतात, "आम्ही चारवर राहतो." खाली हा शब्द कुणी उच्चारत नाही, सगळ्यांना तो माहीत असतो. सरांनी ती रेघ पुसली, कागद छापले, माझ्या तोंडात दिले. मी कापले.

तपासलेले कागद घेऊन सर वर्गात आले तेव्हा त्यांचा चेहरा थट्टेचा होता.

"मारित, तुझ्या कागदाप्रमाणे आज आपण सगळे बुडालो. गावातलं पाणी आपोआप समुद्रात? पंपच नाही?"

वर्ग हसला. कुणीतरी "बँऽऽ" केलं. मारितचे कान लाल झाले. तास संपताना सर तिला हळू आवाजात म्हणाले, "आईशी फोनवर बोललोय मी. साधा नकाशा वाचता येत नसेल तर खालचा वर्गच बरा. वाईट वाटून घेऊ नकोस." हे वाक्य लोक नेमकं तेव्हाच म्हणतात, जेव्हा समोरच्याला वाईट वाटणारच असतं.

दुसऱ्या दिवशी कागद वहीत चिकटवायचे होते. कडा कापायला मुलं रांगेने माझ्यापाशी आली. मूठ सरांच्या हातात. क्रेलिसचा कागद पाटावर होता, त्याला लागूनच घाईघाईत मारितचा ठेवला गेला. सरांनी पातं उचललं आणि मारितने हात मध्ये घातला.

"अगं, हात काढ! बोटं जातील!"

"थांबा सर. क्रेलिसच्या चारच्या आधी रेघ आहे."

"कसली रेघ?"

"ही, आडवी. माझ्या चारच्या आधी नाही."

सर हसले. "ते उणे चिन्ह. तुमच्या कागदावरून मी मुद्दाम काढलंय. सोपं जावं म्हणून."

"म्हणजे क्रेलिस समुद्राच्या खाली राहतो आणि मी समुद्राच्या वर?"

"एकच गाव आहे, बाई!" क्रेलिस म्हणाला. "माझी आजी तुझ्याच गल्लीत राहते."

"मग माझ्या कागदावर पाणी समुद्राकडे उतरणारच ना? सर, तुम्ही सोपं नाही केलंत. उलटं केलंत."

सर म्हणाले, "पण तुला डोळ्यांना दिसत नाही का? कालवा वरून जातो ते?"

"दिसतं. बाकीच्यांनी ते बघून पंप काढला. मीही आधी काढला होता, मग खोडला. तुम्हीच रोज सांगता, मनाचं लिहू नका, कागद वाचा. मी कागद वाचला."

तिने कागद उजेडाला धरला. पंपाची खोडलेली आकृती मागून दिसत होती. रांगेतून कुणीतरी सवयीने "बँ" केलं. क्रेलिस मागे वळला. "गप रे! आता मेंढी कोण आहे ते बघ आधी."

सरांनी क्रेलिसचा कागद बाजूला केला आणि पातं सावकाश खाली आणलं. कापलं काहीच नाही.

सरांनी बोलावलं म्हणून त्या दुपारी मारितची आई आली. ट्युलिपचे कंद भरायच्या कामावरून थेट, नखांत माती तशीच. सर उभे राहिले.

"मी शिफारस बदलली आहे. मारित वरच्या वर्गात जाईल."

"परवा फोनवर तर म्हणालात, तिला नकाशा वाचता येत नाही."

"तिला येतो. मला काढता आला नाही. माझी चूक मी तिच्या नावावर लिहिली."

"आमच्या टेकड्यांवर अशा माणसाला काय म्हणतात, सांगू?"

"नको. अंदाज आहे मला."

आई हसली नाही, पण खुर्ची ओढून बसली. मग दोघं मारितचा पुढचा अभ्यास बोलत राहिले.

मित्रांनो, एवढं झालं म्हणून सगळं सुधारलं असं समजू नका. मी बरीच वर्षं माणसं बघितली आहेत. आज सर पुन्हा माझ्यापुढे उभे आहेत. नद्यांचा धडा आहे. मेंढी, गाय, बगळा गेले, नकाशा एकच आहे, हे कबूल. पण हातात पेन्सिल आहे आणि तोंडाने पुटपुटणं चालू आहे, "उगम हा शब्द जड आहे. काढू का? नकाशाचं प्रमाण पण जड आहे. तेही काढू का?"

माझी बिजागरी दुखते, पात्याची धार गेली आहे, आणि मला कुणी विचारलेलं नाही. तरी मी करकरत बोलतेच.

"सीब्रांड, पोरा, ऐक. तू आळशी नाहीस आणि दुष्टही नाहीस. तू भित्रा आहेस. पोरांना जड जाईल म्हणून त्यांच्या आधी तूच घाबरतोस, आणि तुझी भीती त्यांच्या गुणांतून वजा करतोस. जड शब्द असेल तर शेजारी त्याचा अर्थ लिही, वेळ दे, जवळ जाऊन बस. पण पोराच्या पुढ्यातून खरी गोष्ट उचलून नेऊ नकोस. ती पेन्सिल खाली ठेव, मला तेल घाल, आणि फक्त कडा काप. धडा कापू नकोस."