चाळीस वाचनं

नव्या लॅपटॉपवर मी दिवसा मुद्रितं तपासतो आणि संध्याकाळी अंधांच्या वाचनालयासाठी कादंबरी वाचून रेकॉर्ड करतो. शेवटचं प्रकरण चाळीसदा वाचलं होतं. त्यातलं कुठलं द्यावं, हे ठरत नव्हतं.

आज मुलाने न विचारता लॅपटॉप साफ केला. "बाबा, एकाच प्रकरणाचे चाळीस अवतार? शेवटचा तेवढा ठेवलाय."

शेवटच्या वाचनात मी सारखा खोकलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विचारायचं तरी होतंस."

"तुम्ही म्हणाला असता, बघू."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"अकरावं चांगलं होतं," मी ओरडलो. इतकं पक्कं मला काल माहीत नव्हतं. "ऊठ माझ्या खुर्चीतून. पुन्हा वाचायचंय."