विचारा, नाव सांगू नका

मी एक लॅपटॉप बोलतोय. दुकानातून कुणी मला हौसेनं आणलेलं नाही. मी सरकारनं फुकट वाटलेला आहे. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही, कारण फुकट मिळालेल्यांनाच कधीकधी चांगली माणसं भेटतात.

तंजावूरच्या एका शाळेच्या पटांगणात आम्ही शे-दीडशे भावंडं खोक्यांत बसून होतो. बारावीच्या मुलींची नावं पुकारली जात होती. मी जननीच्या वाट्याला आलो. तिचे वडील प्रवीणकुमार बँकेत होते आणि त्यांची सारखी बदली होई, म्हणून ती राजवाड्यामागच्या गल्लीत आजी-आजोबांकडे राहून शिकत होती. तिनं माझ्या झाकणावर मांजराचं चित्र चिकटवलं, माझ्यावर अभ्यास केला, त्याहून जास्त सिनेमे पाहिले. पुढे ती तिरुचीला इंजिनियरिंगला गेली आणि तिथं तिला नवा लॅपटॉप मिळाला. मला जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर टाकलं. वर्षभर माझ्या अंगावर गेल्या सालांची पंचांगं पडून होती.

मला खाली उतरवलं ते जननीच्या आजोबांसाठी. त्यांचं नाव तुळजाराम. ओरत्तनाडूच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी औषधं दिली. रोज सकाळची बस, रोज तीच खिडकी. निवृत्त झाले आणि एकाएकी माणूस गप्प झाला. घरात त्यांच्या पत्नी धनलक्ष्मीबाई होत्या, पण त्या म्हणत, "दिवसभर बोलतात काय, तर 'कापी दे' आणि 'वीज गेली'." कापी म्हणजे त्यांची कॉफी.

सुट्टीत आलेल्या जननीला कारण बरोबर कळलं. "आजा, तुला ती खिडकी पाहिजे," ती म्हणाली.

खिडकीची गंमत तुळजारामांनीच तिला सांगितली होती. माणसं यायची, मोठ्यानं म्हणायची, "डोकेदुखीची गोळी द्या." गोळी घ्यायची, पण हलायची नाहीत. मग गजांना तोंड लावून कुजबुजत खरं दुखणं सांगायची. तुळजाराम ना हसायचे, ना नाव विचारायचे. जमेल तेवढं सांगायचे, आणि काम डॉक्टरांचं असेल तर पुढच्या दारात पाठवायचे.

जननीनं माझ्यात एक गट उघडून दिला. नाव होतं 'बिनधास्त विचारा'. महाराष्ट्रातली हजारो मराठी माणसं तिथं नाव लपवून असले प्रश्न विचारत, जे घरात विचारता येत नाहीत. तुळजारामांच्या घरी पिढ्यान्पिढ्या तंजावूरची जुनी मराठी बोलत, पण शाळा तमिळ; देवनागरी ते लहानपणी स्तोत्राच्या पोथीवरून शिकलेले. पडद्यावर बोट ठेवून ते सावकाश वाचत. इंग्रजी अक्षरांत टाइप करत आणि मी त्याचं देवनागरी करून देई.

काय एकेक प्रश्न! एकानं विचारलं, "पहिल्यांदाच सासुरवाडीला जेवायला गेलो आणि खुर्ची मोडली. तेव्हापासून बोलावत नाहीत. नवी खुर्ची नेऊन देऊ का?"

तुळजारामांनी लिहिलं, "खुर्ची नको. आपणहून जा आणि पाट मागा. म्हणा, मज खाली बसूनच जेवण गोड लागतं."

दुसऱ्याच्या घरचा पोपट शेजारच्या काकांच्या खोकल्याची नक्कल करायचा आणि काकांना वाटायचं, घरातली माणसंच चिडवतात. तुळजारामांचं उत्तर : "काकांस चहास बोलवा, पोपटासमोर बसवा. चोर त्यांचा त्यांसच धरू द्या." एका बाईंनी नणंदेनं दिलेली साडी चुकून तिलाच भेट दिली होती. त्यांना उत्तर गेलं, "खोटं सांगू नका. आधी तुम्ही हसा. ती हसली नाही, तर पुढल्या वर्षी तीच साडी तुमच्याकडे परत येईल. तेव्हा तरी नेसा." मीटिंगमध्ये पोटात वारा धरतो म्हणून घाबरलेल्या एकाला त्यांनी सकाळची उसळ बंद करायला सांगितली, सुंठ सांगितली आणि वर लिहिलं, "तोवर दाराजवळची खुर्ची धरा."

लोकांना ते आवडू लागले. कुणी त्यांच्या भाषेला हसलंही. "आजोबा, हे मराठी कुठल्या शतकातलं?" तुळजारामांनी लिहिलं, "आमच्या घरी आलं तेव्हा नवं होतं." त्या उत्तराला एवढे अंगठे मिळाले की धनलक्ष्मीबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. त्यांना देवनागरी येत नव्हती.

सकाळची कापी झाली की मला उघडायचं आणि दहा वाजता मिटायचं, असा नेम झाला. माणूस पुन्हा बोलू लागला.

मग एका मंगळवारी तो प्रश्न आला.

"माझं लग्न बावीस दिवसांवर आलंय. माझ्या तळहातांना सतत घाम येतो. थोडा नाही, थेंब पडतात. परीक्षेत पेपर भिजायचे. लग्नात गुरुजी त्याच्या हातात माझा हात देणार. त्याला किळस आली तर? लग्न मोडावं असं वाटतंय. घरी कुणाला सांगू शकत नाही."

असल्या प्रश्नाला तुळजाराम एरवी पाच-सहा ओळी लिहीत. दोनदा खोडत, वाचून बघत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "क्षुल्लक गोष्ट. पावडर लावा." आणि मला इतक्या जोरात मिटलं की माझी बिजागरी करकरली.

घरात कुणाला याचा अर्थ कळला नसता. मला कळला, कारण मला त्या माणसाचे हात ठाऊक होते. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या टचपॅडवर बोट ठेवलं, तेव्हा पडद्यावरचा बाण बेडकासारखा उड्या मारू लागला. जननीला वाटलं मीच बिघडलोय. दुकानदारानं मला पुसून, तपासून परत दिलं. पॅड ठीक होतं. ओल होती ती बोटांची. तुळजारामांनी गुपचूप वायरचा माउस आणला आणि मनगटाखाली घडी घातलेला करचीफ, म्हणजे हातरुमाल, ठेवू लागले. दवाखान्यातही ते गोळी कागदावर ठेवून पुढे सरकवत. कुणी हात पुढे केला तर लांबूनच नमस्कार करत. जन्मभर त्यांनी ते असं जपलं होतं, आणि आपलं हे कुणालाच ठाऊक नाही असं त्यांना वाटे.

दुसऱ्या दिवशी मला उघडलं तर त्या मुलीचं उत्तर आलेलं होतं. "क्षुल्लक असतं तर मी इथं विचारलं असतं का? विचारायलाच नको होतं." खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आजोबा, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी ते दोन शब्द बोट ठेवून वाचले. मग पुढचे चार दिवस मला उघडलंच नाही. मी टेबलावर पडून ऐकत राहिलो. कापीचा पेला वाजे, पण कापी प्यायल्याचा आवाज येत नसे.

पाचव्या दिवशी धनलक्ष्मीबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "उघडा ते. काय झालं ते मज वाचून दाखवा."

"काही नाही गं."

"काही नाही तर मग वाचायला काय जातं?"

त्यांनी वाचलं. प्रश्न वाचला, आपलं उत्तर वाचलं, मग मुलीचं उत्तर वाचलं.

बाई म्हणाल्या, "मग तुमचं सांगा की तिस."

"माझं काय?"

"हातांचं."

 तुळजारामांनी करचीफ उचलला, परत ठेवला. "तुज ठाऊक होतं?"

"अय्यो रामा! लग्नात हात माझ्याच हातात दिला होता ना तुमचा? मज वाटलं, हा माणूस हात धुऊन पुसायला विसरला. दुसऱ्या दिवशी वाटलं, आजही विसरला. आठवड्यानं समजलं."

"चाळीस वर्षांत एक शब्द बोलली नाहीस!"

"तुम्ही लपवत होता. म्हटलं, लपवू द्या बापडे."

तुळजारामांनी खाली बघत विचारलं, "किळस यायची?"

"किळस कशास येईल? एकदा राग मात्र आला." बाईंचा आवाज बदलला. "पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनचा उत्सव आठवतो? प्रवीण कडेवर होता. गर्दीत सगळे आपापल्या बायकांचा हात धरून चालले होते. आणि तुम्ही मज पिशवीचं टोक दिलंत. म्हणालात, धर, चुकशील. मी त्या पिशवीस धरून देवळापर्यंत चालले. नंतरही नेहमी तसंच. मज वाटायचं, यांस माझा हातच नको आहे. घामाचं कळलं होतं, तरी वाटायचं."

 तुळजारामांनी मनगटाखालचा करचीफ काढून बाजूला ठेवला आणि लिहायला लागले. माझी बटणं ओली झाली. होऊ दे, म्हटलं.

"पोरी, मी चुकलो. तुझं दुखणं क्षुल्लक नाही. मज तेच आहे, लहानपणापासून. म्हणूनच नीट उत्तर देता आलं नाही. पावडरीनं काही होत नाही, मीच तीस वर्षं लावून पाहिली. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, यास औषधं आहेत. बरंच कमी होतं. पण त्याआधी त्या मुलास तूच सांग. गुरुजींनी हात देण्याची वाट पाहू नको. मी कधी सांगितलं नाही. गर्दीत बायकोस हात न देता पिशवीचं टोक दिलं. तिस वाटलं, मज तिचा हात नको. चाळीस वर्षं तिस असं वाटलं, हे मज आज कळलं."

लिहून झालं आणि बोट थांबलं. गटात त्यांचं खरं नाव होतं, गावासकट. प्रवीणच्या महाराष्ट्रातल्या सासुरवाडीची दोन-तीन माणसंही तिथं होती.

"सगळ्यांस कळेल," ते म्हणाले.

"मज कळून काय झालं?" बाई म्हणाल्या. "दाबा."

त्यांनी दाबलं. त्या संध्याकाळी दोघं राजवाड्यापर्यंत फिरून आली. कशी चालली ते मला ठाऊक नाही. मी टेबलावरच होतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरांचा पाऊस पडला. ओल्या तळव्यांची माणसं कुठून कुठून उगवली! एक तबलजी होता, एक एसटीचा ड्रायव्हर होता, मेंदी काढणारी एक बाई होती. ती म्हणाली, माझ्या स्वतःच्या हातावर मेंदी कधी टिकलीच नाही. एक कबड्डीपटू लिहीत होता की त्याला कुणी धरूच शकत नाही आणि त्याचं सगळं यश त्यातच आहे. तुळजाराम एकेक वाचून दाखवत आणि बाई पोट धरून हसत. पण ती मुलगी काही बोलली नाही. लग्नाची तारीख येऊन गेली, तरी नाही. तुळजाराम रोज उघडत, वर-खाली बघत आणि मग पोपट-खुर्च्यांच्या प्रश्नांकडे वळत.

लग्नानंतर नवव्या दिवशी उत्तर आलं.

"आजोबा, त्याला फोनवर सांगितलं.  मला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, 'मी पण एक सांगू? मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तुला वाटेल मी दुर्लक्ष करतोय. महत्त्वाचं असेल ते उजवीकडून बोल.' लग्नात हातात हात दिला तर गुरुजींनी विचारलं, 'पाणी कुणी सांडलं?' आम्ही दोघं एवढे हसलो की मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावश्या रागावल्या. डॉक्टरांकडे पण जाऊन आले. आजींना नमस्कार सांगा."

धनलक्ष्मीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "मावश्या सगळीकडच्या सारख्याच."

आता माझं वय झालंय. बॅटरी संपली, वायर काढली की मी तिथल्या तिथे झोपतो. बिजागरीला दोरा बांधलाय. जननी पुढच्या महिन्यात आजोबांना नवा लॅपटॉप आणणार आहे. आणू दे. मला पुन्हा कपाटावर ठेवलं तरी माझी तक्रार नाही. माझं मागणं माझ्यासाठी नाहीच. कुणी अडखळत, लाजत काही विचारलं तर चटकन 'क्षुल्लक' म्हणू नका. तो शब्द लिहायला फार सोपा आहे, मी बटणांचा जाणकार म्हणून सांगतो.

परवाचीच गोष्ट सांगून तुमचा निरोप घेतो. सकाळी गटात एक प्रश्न आला, नाव लपवलेला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. "माझे वडील निवृत्त आहेत. नेटवर अनोळखी लोकांस लाजिरवाण्या गोष्टींवर सल्ले देतात. स्वतःचंही सगळं लिहितात. माझ्या सासुरवाडीचे लोक हसतात, मज ओशाळं होतं. पण त्यांचं वाचून मजही एक विचारावंसं वाटतं, आणि त्यांसच विचारायचं धैर्य होत नाही. काय करू?"

तुळजारामांनी तो मोठ्यानं वाचला. 'मज' आणि 'लोकांस' पाशी आवाज जरा अडला. असं मराठी त्या गटात दुसरं कोण लिहिणार? धनलक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "कोण आहे हा?"

"गटात नाव विचारत नाहीत," ते म्हणाले, आणि लिहू लागले. "वडिलांस फोन करा. आधी ओशाळं होतं ते सांगा, मग तुमचं विचारा. सकाळी दहापर्यंत ते मोकळे असतात."

दहाला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. बाई म्हणाल्या, "तुम्हीच उचला."

तुळजारामांनी उचलला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. 

"असू दे रे," तुळजाराम म्हणाले. "मज वेळ आहे. विचार."