समुद्रात पडलेला गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. पुण्यामुंबईचे लोक मला तांब्या म्हणतील, म्हणोत बापडे. मित्रांनो, माझ्या पोटाला हा खोल पोचा दिसतो ना, त्याची मला लाज वाटत नाही. उलट तो कसा पडला हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

अकोटच्या एका तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले. मैनाबाईच्या लग्नात मला रुखवतात मांडले होते. तिच्याबरोबर मी जवळच्याच एका खेड्यात, तिच्या नवऱ्याच्या म्हणजे सूर्यभानजींच्या घरी आलो. घर भरलेले, सासू मनकर्णाबाई करारी. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. मग बोलायचे कसे? ते काम माझ्यावर आले. मैनाबाईने मला ओट्यावर एकदा ठक्कन ठेवले की जेवण तयार. दोनदा ठेवले की पाहुणे आलेत, हातपाय धुऊन या. सूर्यभानजींनी मला पालथे घातले की आज भूक नाही. सात वर्षे त्यांचा संसार माझ्या आवाजावर चालला. मला त्याचा गर्वही फार होता.

पण गडवा सांगून सांगणार तरी किती? साल होते अठराशे पासष्ट. दूर अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले होते. सूर्यभानजींनी ठरवले की यंदा नाल्याकाठच्या ज्वारीच्या वावरातही पराटी, म्हणजे कपाशीच, पेरायची. ते मैनाबाईच्या कानावर आले. घरात खाणारी बारा तोंडे. ज्वारीच नसेल तर भाकरी कशाची थापायची? मला घासता घासता ती हे पुटपुटायची. पण 'ते वावर राहू द्या' असे सांगणारा ठोका आमच्याकडे नव्हता.

त्याच माघात मनकर्णाबाईंनी एक नवल केले. समुद्राला नारळ वाहायचा त्यांचा जुना नवस होता. आता गुडघे चालेनात, म्हणून त्यांनी लेकासुनेलाच मुंबईला धाडले. "यंदा बरकत आहे, जाऊन या," त्या म्हणाल्या. "येतानी या गडव्यात समुद्राचं पानी आनजो, मैना. अन् धा दिवस फिरा तिकडं. घराचं मी पायीन."

बैलगाडीने खानदेशापर्यंत आणि तिथून आगगाडीने आम्ही मुंबईला पोचलो. उतरलो एका धर्मशाळेत. बाहेर लख्ख ऊन, खारा वारा, नारळाची झाडे. मित्रांनो, तिथे सासू नव्हती, दीर नव्हते, ओळखीचे कुत्रेसुद्धा नव्हते. दोघांना मनसोक्त बोलता आले असते. पण सवय म्हणजे सवय. भाकरी झाली की मैनाबाई मला फरशीवर ठक्कन ठेवायची आणि सूर्यभानजी मुकाट येऊन जेवायचे. चार दिवस त्यांनी बंदर पाहिले, देवीची ओटी भरली, शहाळी प्यायली. मिळून दहा शब्द बोलले असतील नसतील. तेव्हा पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी गिरगावच्या किनाऱ्यावर त्यांनी नारळ वाहिला. सूर्यभानजी जरा लांब जाऊन, कापसाच्या गाठी घेऊन निघालेली जहाजे बघत उभे राहिले. मैनाबाई मला भरायला वाकली, तोच एक लाट आली आणि मी तिच्या हातून निसटलो. खडकावर आपटलो, तोच हा पोचा.

"अवो!" मैनाबाई ओरडली. किनाऱ्यावरचे चार-पाच नवरे वळून पाहू लागले. तिचा तेवढा वळेना. दुसरी लाट मला आणखी आत ओढत होती. "अवो, गडवा गेला!" तरी नाही. मग तिने डोळे मिटले आणि सात वर्षांत जे केले नव्हते ते केले.

"सूर्यभानजी!"

ते धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि मला गळ्याला धरून बाहेर आले. दोघे ओल्या वाळूत बसले. मैनाबाईने जीभ चावली होती, आणि सूर्यभानजींना हसू आवरत नव्हते.

"माह्यं नाव इतकं मोठ्यानं मायनंबी कदी घेतलं नाई," ते म्हणाले.

एकदा नाव तोंडातून गेले, मग बाकीचे कशाला अडते? "एक बोलू का?" मैनाबाई म्हणाली. "नाल्याकाठच्या वावरात पराटी नका पेरू."

"सारा गाव पराटी पेरून राहिला."

"सारा गाव पराटी खाईन का? हे जहाजं कुठं जातेत, आपल्याले काय माईत? उद्या यायचे थांबले तर? लेकरायले भाकर पाह्यजे."

सूर्यभानजी माझ्या पोटातली वाळू काढू लागले. मग म्हणाले, "सात वर्सं झाले. आधी काऊन नाई बोलली?"

"तुमी कदी इचारलं?"

त्यांनी उठून मला समुद्राच्या पाण्याने भरून आणले. उरलेले पाच दिवस दोघांचे बोलणे संपत नव्हते. मी समुद्राचे पाणी पोटात घेऊन कोपऱ्यात बसलो होतो, आणि जेवायची हाक मैनाबाई तोंडाने मारत होती.

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी ते पाणी देवघरात शिंपडले. माझे पोट मात्र आतून हिरवे पडले. पाणी प्यायला मी चालेनासा झालो आणि फळीवर गेलो. माझ्या जागी नवा गडवा आला, आणि घरात पुन्हा तीच मुकी रीत सुरू झाली. वावराचा विषय कोणी काढीना. समुद्राकाठचे बोलणे समुद्राकाठीच राहिले की काय, या विचाराने माझा जीव तुटत होता.

मृग लागला. पेरणीच्या सकाळी सगळे घर अंगणात जमले होते. मनकर्णाबाई ओट्यावर वाती वळत होत्या. अमेरिकेतली लढाई संपून कापसाचा भाव उतरू लागल्याची कुणकुण होती, पण पुन्हा चढेल म्हणून जो तो सरकी पेरायलाच निघाला होता. सूर्यभानजी तिफणीपाशी थांबले आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाले, "मैना, जवारीचं बी काहाड. नाल्याकाठी जवारीच पेरतो."

मैनाबाई जागची हलेना. सगळे मनकर्णाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी हातातली वात पुरी वळली.

"आयकू नाई आलं का वं, मैना?" त्या म्हणाल्या. "तो तुह्यासंगं बोलून राहिला."

त्या वर्षी कापसाचा भाव कोसळला आणि गावात ज्वारी मिळेनाशी झाली. आमच्या घरातले ज्वारीचे पेव मात्र भरले होते. शेजारच्या तीन घरांच्या चुलीही त्यावर पेटल्या.

पुढे दर दिवाळीला मैनाबाई मला फळीवरून काढून चिंच-राखेने घासायची. पोचा काढून देतो म्हणणाऱ्या तांबटाला तिने दर खेपेला परत पाठवले. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे भांडे अडगळीत पडले असेल. त्याला मोडीत घालू नका. घासा, उन्हात वाळवा, पाणी भरा. पाणी भरायला मी आजही तयार आहे. निरोप सांगायचे काम मात्र आता मला देऊ नका. ते तुमचे तुम्ही, तोंडाने करा.