पंधरा मिलिमीटर

"मावशी, ते कुठून काढलंत?" हमीदानं विचारलं. चहाचा ग्लास तिच्या हातात तसाच राहिला.

"कुठून म्हंजे? पोलक्यातून," चंद्रभागा म्हणाली. हमीदाच्या सातपूरच्या कंपनीबाहेरचा रस्ता ती झाडायची आणि सकाळच्या चहाला दोघींची रोज गाठ पडायची. तिच्या तळहातावर काडेपेटीएवढं काळं मशीन होतं. ठेकेदारानं झाडणाऱ्या सगळ्या बायकांना ते दिलं होतं. कोण कुठं आहे हे मुकादमाला बसल्या जागी कळायचं आणि अंगावर मशीन नसलं की गैरहजेरी लागायची.

"याला मागं क्लिप असते ना. कमरेच्या पट्ट्याला लावायची."

"साडीला कुठला आलाय पट्टा, ताई? निऱ्यांत खोचलं तर वाकलं की पडतं. पडलं की मुकादम चारचौघींत पाणउतारा करतो. आम्ही समद्या चोवीसजणी पोलक्यातच ठेवतो. दुपारपर्यंत लय गरम हुतं बघा."

हमीदानं ग्लास खाली ठेवला. हे मशीन तिच्याच कंपनीत तयार व्हायचं आणि त्याच्या रेडिओलहरी माणसाच्या अंगात किती शिरतात हे मोजायचं काम अकरा वर्षं तीच करत होती.

काम तसं सोपं. माणसाच्या धडाएवढा प्लास्टिकचा साचा, त्यात साखर-मीठ घालून तिनंच कालवलेलं पाणी. कंपनीत सगळे त्याला 'अंग' म्हणत. अंगाखाली चालू मशीन ठेवायचं, मध्ये फोमचा तुकडा, आणि वरून पाण्यात सुई बुडवून आकडा घ्यायचा. मर्यादा अंगाच्या दर किलोला एक पॉइंट सहा वॅट. या मशीनचा आकडा शून्य पॉइंट नऊ. पास. फोम पंधरा मिलिमीटर जाड, कारण क्लिपवर अडकवलं की मशीन अंगापासून तेवढंच लांब राहतं. हे अंग पँटला पट्टा लावणाऱ्याचं आहे, हे अकरा वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या कुर्त्याला तरी पट्टा कुठं होता? तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

आत जाऊन तिनं फोम काढला, मशीन अंगाला चिकटवलं. दोन पॉइंट सात. नवं पाणी कालवून पुन्हा मोजलं. दोन पॉइंट सात.

कागद पाहून मॅनेजर हर्षल सर म्हणाले, "मॅडम, हा आकडा कुणी मागितला होता?"

"बायका ते छातीशी ठेवतात, सर."

"पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, शरीरापासून पंधरा मिलिमीटर लांब ठेवा. वापरणारे चुकले तर आपण काय करणार?"

"पुस्तिका इंग्लिशमध्ये आहे. तीही मुकादमाच्या कपाटात."

"अहो, मर्यादा मुळातच खूप खाली ठेवलेली असते. लगेच कुणी मरत नाही."

"मरत नाही हे मलाही माहीत आहे. मग ठेवली कशाला? भिंतीवर टांगायला?"

सर हसले. "नवी खेप शनिवारी जायचीय. नेहमीचा आकडा लिहा आणि सही करा."

त्या हसण्यानं हमीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं नेहमीचा आकडा लिहिला आणि त्याखाली पेनानं ठळक लिहिलं, 'फोम काढून, अंगाला चिकटवून २.७. नापास. बायका हे पोलक्यात ठेवतात.' मग सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्या खेपेचा नवा रिपोर्ट तयार होता. एकच आकडा, आणि खाली शेजारच्या टेबलावरच्या राजूची सही. "ताई, घरी दोन लेकरं आहेत," तो खाली बघत म्हणाला. हमीदाचा राग त्याच्यावर नव्हताच. तिची बदली स्टोअरमध्ये झाली होती.

तिथं नव्या खेपेची खोकी छताला लागली होती. तीन हजार मशीनं, प्रत्येक खोक्यावर 'सुरक्षा चाचणी पास'. कोपऱ्यात पॅकिंगच्या फोमची भंगारात जाणारी कात्रणं पडली होती. जेवणाच्या सुट्टीत हमीदानं डबा बाजूला सारला आणि पट्टी, कात्री घेऊन बसली.

शनिवारी तिनं पिशवी चंद्रभागाच्या हातात दिली. "पोलक्याला बाहेरून खिसा शिवा. आधी हा तुकडा अंगाकडं, मग मशीन. पदराखाली दिसणार नाही."

"येवढ्यानं हुईल?"

"होईल. पट्टीनं मोजलेत, पंधराच्या खाली एकही नाही."

"आन् बाकीच्या?"

"चोवीस आहेत."

तेवढ्यात कंपनीचं फाटक उघडलं आणि खोक्यांनी गच्च भरलेला टेम्पो बाहेर आला. दोघी कडेला सरकल्या. हमीदा त्याच्याकडं बघत राहिली; त्या तीन हजारांसाठी पिशवीत आणखी काही नव्हतं.

चंद्रभागानं पाठ फिरवून पोलक्यातलं मशीन काढलं, आधी फोमचा तुकडा आत सारला, मग मशीन, आणि पदर सारखा केला. मग खराटा उचलून टेम्पोच्या मागचा रस्ता झाडायला घेतला.