दगड जिथं, तिथं हद्द

निवृत्त भूकरमापक आनंदराज सोनकांबळे यांनी उभ्या आयुष्यात कागदाशिवाय एकच काम केलं, आणि नेमकं तेच अंगलट आलं.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर लातुरात रिकामे बसले आणि घरातल्या खोल्या मोजायला लागले. शेजाऱ्याची भिंत साडेतीन इंच आत आली आहे, असं त्यांनी शेजाऱ्याला लेखी कळवलं, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, लुंबिनीनं, त्यांना एक खेळ लावून दिला. जिओकॅशिंग त्याचं नाव. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो. बाकीच्यांनी जाऊन तो शोधायचा, डब्यातल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवून घरी यायचं. मिळत काही नाही. सोनकांबळ्यांना खेळ फार आवडला, कारण सरकारी नोकरीत त्यांनी हेच केलं होतं.

सुरुवातीला ते प्रत्येक डब्याची माहिती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणत. नकाशा, खाणाखुणा, आधी जाऊन आलेल्यांचे शेरे, सगळं टॅग लावून फायलीत. देवणीजवळचा एक डबा शोधायला ते एकवीस पानं घेऊन गेले. डबा सापडला, वाऱ्यानं उडालेलं अकरावं पान मात्र सापडलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले.

हे ऐकून लुंबिनी उन्हाळ्याच्या सुट्टीत नवा मोबाईल घेऊन आली. "पप्पा, आजपासून कागद बंद. सगळं यात आहे." मग तिला आवराआवरीची हुक्की आली. फायलींबरोबर कपाटातल्या जुन्या नोंदवह्याही गेल्या. गावोगावच्या मोजणीची कच्ची मापं त्यात होती, वडिलांच्या बारीक अक्षरात. अठरा किलो भरली. रद्दीवाला गेल्यावर सोनकांबळे बराच वेळ मोकळ्या कपाटापुढं उभे राहिले, आणि मग आपल्याला फार हलकं वाटतंय असं म्हणाले. तसं त्यांना वाटत नव्हतं.

पण माणूस नव्यानं बाटला की जरा जास्तच कडवा होतो. त्यांनी खिशाला पेन लावणंसुद्धा सोडलं, आणि स्वतःचा एक डबा लपवायचं ठरवलं. जागा शोधावी लागली नाही. मुखेड तालुक्यातल्या एका गावात (नाव सांगत नाही, सांगितलं की लोक शोधायला जातात) एक हद्दीचा दगड होता. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी स्वतः मोजून तो पुरला होता. एका बाजूला पंचफुलाबाईचं शेत, दुसऱ्या बाजूला भुजंगच्या बापाचं. दोन पिढ्यांचं भांडण त्या दगडानं मिटलं होतं. नोकरीत त्यांनी हजारभर दगड रोवले असतील, पण याच्याइतका बिनचूक दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं.

शिवाय मोबाईल तीन-चार मीटर इकडचं तिकडं दाखवतो, दगड दाखवत नाही. म्हणून एका सकाळी ते एकटे गेले. दगड अजून जागेवर आहे का, हे सवयीनं टेप लावून पाहिलं, जागेवर होता. मग त्याच्या बुडातली माती उकरली, खाली स्टीलचा डबा ठेवला, वर दगड टेकवला. हद्दीचा दगड उकरला तर दंड होतो, ते कलम त्यांना तोंडपाठ होतं. पण ते कलम लोकांसाठी असतं, असा त्यांचा समज होता. परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्नही त्यांना पडला नाही, कारण दगड रोवणारे तेच.

दोन वर्षांत एकतीस जण तो डबा शोधून गेले. नांदेडहून आले, हैदराबादहून आले. प्रत्येक वेळी मोबाईल टिंग वाजायचा आणि सोनकांबळे बाजूला बसलेल्याला सांगायचे, "आपल्या दगडावर माणूस येऊन गेला."

यंदा चैत्रात मोबाईल वाजला तो टिंग नव्हता. पंचफुलाबाईचा फोन होता. नंबर तिनं कुठून मिळवला, कुणास ठाऊक.

"साहेब, वळखलं का? अठ्ठ्याण्णवला तुमी आमचा दगड रोवला होता."

"हाव, बोला की."

"दगड हाललाय. माझं बोअर भुजंगच्या रानात गेलंय."

बोअर कुठं जात नसतं. ते दगडाच्या दोन फूट आत होतं, आता दोन फूट बाहेर होतं. बांध दोन्हीकडून नांगरून कधीच सपाट झाला होता, त्यामुळं दगड सांगेल ते खरं. भुजंगनं स्टार्टरच्या पेटीला आपलं कुलूप घातलं होतं. पंचफुलाबाईचा उन्हाळी भुईमूग फुलावर आला होता आणि पाण्यावाचून तो आठ दिवस धरला असता, फार तर दहा. सरकारी मोजणीची तारीख तिला पावसाळ्यानंतरची मिळाली होती.

"तुमच्याकडं जुनी मापं आसतील नव्हं?" तिनं विचारलं.

सोनकांबळ्यांनी मोकळ्या कपाटाकडं पाहिलं. "येतो," म्हणाले.

मुखेडच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून त्यांनी हिशेब केला. पुरलेला दगड त्यांनी सुटा केला होता. पंचफुलाबाईच्या बाजूला बाभळीचे काटे होते, म्हणून शोधणारा माणूस भुजंगच्या बाजूनं वाकणार, दगड पुढं ढकलणार, डबा काढणार, आणि दगड परत ओढताना दोन बोटं कमी ओढणार. एकतीस माणसं, दोन-दोन बोटं. चार फूट होतात. हिशेबात त्यांची चूक कधी होत नसे, आणि त्या दिवशी व्हावी असं त्यांना फार वाटत होतं.

शेतात पंचफुलाबाई होती, भुजंग होता आणि गावचा पोलीस पाटील महादेवप्पा मोटारसायकल उभी करून तिला टेकला होता. पंचफुलाबाई साठीला आली होती. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं, घरून आणलेलं.

"मी दगडाला हात लावलेला न्हाई," भुजंगनं कुणी न विचारताच सुरुवात केली. "महादेवाच्या पिंडीवर हात ठिवून सांगून आलो. तरी गावात कुणी मला चहा इचारीना. आता तुमीच बगा साहेब. मी हलिवला न्हाई, म्हंजे दगड जागेवर हाय. दगड जागेवर हाय, म्हंजे बोअर माझ्यात हाय."

मापात बसावा तसा हा युक्तिवाद चारी बाजूंनी जुळत होता.

"आन तुमीच म्हनले होते," भुजंग पुढं म्हणाला. "मी ल्हान होतो, पर ध्यानात हाय. दगड जिथं, तिथं हद्द."

हे खरं होतं. हे वाक्य ते प्रत्येक मोजणीनंतर म्हणायचे, लोकांना ते फार पटायचं. त्या दिवशी पंचफुलाबाईनं विचारलंही होतं, "आन दगड हालला तर?" नवरा त्याच वर्षी वारला होता, जमीन नुकती तिच्या नावावर लागली होती, तिला सगळ्याचीच भीती होती. सोनकांबळे हसले होते. दगड हलत नसतो बाई, माणसं हलतात, असं काहीतरी शहाणपणाचं बोलले होते.

त्यांनी मोबाईल काढला. अक्षांश आले, रेखांश आले, निळा ठिपका आला. महादेवप्पानं वाकून पाहिलं. "ह्यात कुठं हाय दगड?"

"हितंच. चार मीटर इकडंतिकडं."

"चार मीटर?" भुजंग म्हणाला. "मग तर माझंबी खरं, तिचंबी खरं."

"हाव," सोनकांबळे म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण मापात येत नव्हतं.

"तुमची वही न्हाई आनली?" पंचफुलाबाईनं विचारलं. "तुमी त्या टायमाला वहीत सगळं लिवून घेतलं होतं. हिरीपसून किती, खडकापसून किती."

वही रद्दीत गेली होती. पण विहीर म्हटल्याबरोबर सोनकांबळ्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं, असंही लगेच वाटलं. डबा ठेवला त्या सकाळी त्यांनी टेप लावला होता. आणि चौतीस वर्षांची खोड अशी, की माप घेतलं ते लिहिल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. डब्यातल्या वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं: दगडाचं अंतर, विहिरीच्या काठावरच्या चिऱ्यापासून इतकं, माळाच्या खडकावर कोरलेल्या फुलीपासून इतकं. दोन पक्क्या खुणा आणि दोन मापं मिळाली की दगडाची जागा लपत नाही. पान चार हातांवर होतं, दगडाखाली.

फक्त ते काढायचं तर डबा काढावा लागणार होता, आणि डबा काढला की तो कुणाचा हे सांगावं लागणार होतं. गप्प राहिले तर त्यांचं नाव शाबूत राहणार होतं. भुजंग चोर ठरला असता आणि भुईमूग वाळला असता. चौतीस वर्षांत त्यांच्यावर एक अर्ज झाला नव्हता, आणि सत्काराची शाल अजून घडीत होती. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि आलं याची त्यांना लाज वाटली.

"पाटील, जरा हात लावा," ते म्हणाले, आणि वाकले.

दगड उचलायला काहीच जड गेला नाही. तेच वाईट होतं. डबा निघाला. भुजंग दोन पावलं मागं सरला. "गुप्तधन हाय का?"

"न्हाई. माझा डबा हाय." आणि मग सोनकांबळ्यांनी सगळं सांगितलं, खेळ काय, डबा कशाला, माती कुणी उकरली. ते फार पटकन बोलले आणि अहवाल वाचल्यासारखं बोलले, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं त्यांच्यानं ते बोलवलं नसतं.

 मग महादेवप्पानं वही उघडली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, गाव आणि तारखेसकट. तो पोलीस पाटील होता. कागद हातात आला की वाचणं त्याचं काम होतं.

"ह्या पोरांला मी पाणी पाजलंय," पंचफुलाबाई म्हणाली. "मोबाईल धरून यायची, उन्हाची. मी म्हनले, इंजिनेर आसतील. ह्याच बोअरचं पाणी."

"किती झाले?" भुजंगनं विचारलं.

"एकतीस."

"एकतीस मान्सांनी हलिवला," भुजंग म्हणाला, "सही करून, तारीख टाकून. आन चहा माझा बंद."

माप घ्यायला अर्धा तास लागला. महादेवप्पानं विहिरीवर टेप धरला, भुजंगनं खडकावर. सोनकांबळ्यांनी दोन्ही टेप ताणून जुळवले आणि टाचेनं मातीत खूण केली. सध्याच्या जागेपासून भुजंगच्या बाजूला चार फुटांना एक बोट कमी. भुजंगनं स्वतः पहार आणली, हातभर खड्डा खणला, दगड उतरवला आणि माती ठोकून पक्की केली. मग कमरेची किल्ली काढून स्टार्टरच्या पेटीचं कुलूप काढलं. मोटार चालू झाली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ, मग नितळ पाणी. पंचफुलाबाई सरीतून जाणाऱ्या पाण्याबरोबर थोडं चालत गेली आणि परत आली.

"साहेब, तुमी म्हनले होते दगड हलत नसतो."

"म्हणलो होतो."

"मग?"

"मीच हलिवला, बाई. चुकलं माझं."  शेवटचं वाक्य चौतीस वर्षांत ते कुणाला म्हणाले नव्हते.

तिनं मान हलवली. "मला त्यो कागद पायजे. त्यावर आजचं लिवा, आमचं तिघांचं नाव टाका."

सोनकांबळ्यांचा हात खिशाकडं गेला. खिशात पेन नव्हतं. डब्यात ठेवलेली पेन्सिल कुणीतरी नेली होती. महादेवप्पानं आपलं पेन काढून दिलं. त्यांनी मापांच्या खाली नीट लिहिलं: दगड मूळ जागी बसवला, सर्वांसमक्ष. तारीख टाकली. महादेवप्पानं सही केली, भुजंगनं केली. पंचफुलाबाईनंही केली. मधल्या वर्षांत ती सही शिकली होती, अक्षरं सुटी सुटी काढायची, पण एकही चुकवायची नाही. मग सोनकांबळ्यांनी सहीसाठी पेन टेकवलं.

"तुमी सही करू नका," ती म्हणाली.

"का?"

"सह्या लई झाल्या. एकतीस जणांनी सह्या केल्या आन दगड हलवून गेले. तुमी अंगठा द्या."

शाईचा पॅड कुणाकडंच नव्हता. महादेवप्पा मोटारसायकलपासून बाजूला झाला. सोनकांबळे उकिडवे बसले आणि चेनच्या काळ्या वंगणावर त्यांनी अंगठा घासला. आयुष्यात हजारो अंगठे त्यांनी घेतले होते, स्वतःचा कधी दिला नव्हता. कागदाशी नेऊन तो त्यांनी एकदा वर, एकदा खाली सरकवला.

पंचफुलाबाईनं त्यांचं मनगट धरलं. अठ्ठ्याण्णव साली याच बांधावर तिचा अंगठा घेताना त्यांनी तिचं धरलं होतं, अगदी तसंच.

"आसा दाबा," ती म्हणाली. "आता हलवू नका."