धाकटीची स्क्रीन

तळहातावर मावणाऱ्या प्रोजेक्टरची स्क्रीन कशी दिसावी, हे ठरवण्याचं काम कंपनीत थोरलीकडे होतं. कित्येक महिने खपून तिने गोल फिरणारा देखणा मेनू केला होता. पण तिच्याच शिफारशीने लागलेल्या धाकट्या बहिणीची स्क्रीन साहेबांनी पसंत केली. त्या स्क्रीनवर मेनू नव्हताच. प्रोजेक्टर लावला की दोनच मोठी बटणं उमटायची: ‘चित्र सरळ करा’ आणि ‘पुढे बघा’.

थोरलीने सगळ्यांसमोर हसून अभिनंदन केलं. घरी मात्र तिला जेवण गेलं नाही. आपण बोट धरून आणलेली पोर आपल्याच डोक्यावर बसली, हे तिला सहन होईना.

काहीतरी खोट सापडेल म्हणून ती संध्याकाळी नमुन्याचा प्रोजेक्टर घेऊन आईकडे गेली. कंबरेचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणावरच होती, आणि यंत्रांशी तिचं कधी जमलं नव्हतं. ती अडणार, याची थोरलीला खात्री होती. दिवा मालवून तिने प्रोजेक्टर छताकडे रोखला. चित्र तिरकं पडलं. आईने रिमोट घेऊन एक बटण दाबलं, चित्र सरळ झालं. दुसरं दाबलं, सिनेमा सुरू झाला.

“तुला कसं गं जमलं?”

“माझ्यासमोरच तर झालंय हे. धाकटी दुपारची येते, मला बटणं दाबायला लावते. मी चुकले की खोडते, पुन्हा काढते. हसून हसून पुरेवाट होते आमची. बोलली नाही तुला?”

थोरलीने नकारार्थी मान हलवली. स्क्रीनचं राहिलं बाजूला. आई आणि धाकटीच्या त्या दुपारीच तिला जास्त झोंबल्या.

तेवढ्यात आईने सिनेमा थांबवला, आणि सगळं छत पांढरंफेक झालं. अंधारात आईचे डोळे दिपले, तिने हात आडवा धरला. थोरलीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने ही चूक मीठमसाला लावून सांगितली. धाकटीचा चेहरा उतरला.

“मी अंधारात बघितलंच नाही, ताई,” ती म्हणाली. “बरं झालं सांगितलंस. आज येतेस माझ्याबरोबर आईकडे?”

थोरलीने कामाचं निमित्त काढलं. धाकटीने पांढऱ्याच्या जागी काळा रंग केला, प्रोजेक्टर बाजारात गेला, आणि कौतुक पुन्हा तिचंच झालं.

त्या रविवारी थोरली कुणाला न सांगता आईकडे गेली. प्रोजेक्टर लावून, दिवा मालवून तिच्या उशाशी बसली.

“धाकटी नाही आली?” आईने विचारलं.

“मी आलेय ना,” थोरली म्हणाली, आणि रिमोट तिने स्वतःकडेच ठेवला.