इद्रीस जेवाले आला

पार्वताबाईनं गरम भाकर इद्रीसच्या ताटात टाकली, अन् विपुलनं लगेच त्या भाकरीवर तुपाची वाटी उलटी केली.

"काकू, मंत्रीसाहेबाले खाली कायले बसवलं? टेबल आणतो न."

"कॉलेजात होता तवा खालीच बसे तो."

तीस वर्षांपूर्वी हा समुद्रापलीकडचा पोरगा अमरावतीले शिकाले आला, अन् राजापेठेत पार्वताबाईच्या खानावळीत जेवता जेवता तिले माय म्हणू लागला. आता आपल्या टीचभर बेटाचा मंत्री झाला होता. दिल्लीचं काम आटपून मुद्दाम तिच्या हातचं खायाले आला होता. विपुल तिचा पुतण्या, ठेकेदार. सकाळपासून गुळावरच्या माशीसारखा इद्रीसले चिकटून होता.

"भाऊ, बंदराच्या कामात आमालेबी पहा. गिट्टी टाकू, खड्डे बुजवू, सांगान ते करू."

"बंदर चीनले देल्लं," इद्रीस म्हणाला. त्याची वऱ्हाडी अजून शाबूत होती. "विमानतळ तुमच्या सरकारले. एक रुसला का मी दुसऱ्याकडं पाहून हासतो. लहान देशाले दोघंबी लागतात."

पार्वताबाईले ते पटलं. गल्लीत दोन नगरसेवकांची मारामारी असे तवा तिनंही दोघांचे डबे भरले होते. लहानानं जगावं कसं, यात लाजायसारखं काई नाई.

"तुही माय कशी हाय?" तिनं इचारलं. "तिचं घर समुद्रालेच लागून हाय न?"

"तिथंच तं बंदर झालं." त्यानं तुकडा झुणक्यात बुडवला. "सारा मोहल्ला उठवा लागला. माय उठे ना. मंग मीच पोलीस पाठवले. तिले सोडलं असतं तं बाकीचे काहून उठले असते?"

"बरोबर," विपुल म्हणाला. "न्याय सगळ्याले सारखा."

"आता कुठं हाय तुही माय?" पार्वताबाईनं इचारलं.

"माह्या बहिणीकडं. माह्याशी बोलत नाई." त्यानं बोटाले लागलेला ठेचा चाटला. "बोलन. बंदराले तिचंच नाव देल्लं मी."

"वा भाऊ. याले म्हणतात लेक."

पार्वताबाईनं भाकरीची टोपली जवळ ओढली.

ताट रिकामं झालं. टोपली घेऊन ती वाकली तसं इद्रीसनं कॉलेजातल्यासारखे ताटावर दोन्ही हात आडवे धरले, अन् हासत वर पाहिलं. आता माय हात बाजूले सारन, रागावन, अन् वाढनच, हे त्याले ठाऊक होतं.

तिनं भाकरीवर फडकं टाकलं अन् आत निघून गेली. तो हात तसेच धरून बसला होता.